मदत हवी आहे: नोकरीत असताना ६५ पूर्ण होतायत, मेडिकेअर (अमेरिकेतला ज्येष्ठांचा सरकारी विमा) कधी घ्यावं? बायकोच्या विम्याचं काय?

नमस्कार मंडळी,

मी न्यू जर्सीत राहतो. येत्या सप्टेंबरात (२०२६) मला ६५ पूर्ण होतील. जून २०२७ अखेर निवृत्त व्हायचं नक्की केलंय. बायकोला ६५ व्हायला मात्र फेब्रुवारी २०३० उजाडेल. ती नोकरी करत नाही, त्यामुळे तिचाही विमा माझ्या कंपनीचाच. तिला डायबेटिस आहे, दिवसातून चार वेळा इन्सुलिन. फ्रिजच्या दारात लोण्याच्या डब्याशेजारी तिची पेनं ठेवलेली असतात आणि दंडावरचा सेन्सर रात्री दोनला वाजला की तिच्या आधी मीच जागा होतो. माझं कसंही निभेल, तिचा विमा एक दिवससुद्धा तुटायला नको.

एचआरला विचारलं तर "६५ झाले की मेडिकेअर घ्यावंच लागतं" असं सांगितलं. ते बरोबर नाही. कंपनीत २० किंवा जास्त माणसं असली, तर नोकरी चालू असेपर्यंत आधी कंपनीचा विमा पैसे देतो, मेडिकेअरचा नंबर नंतर. २० पेक्षा कमी असतील तर नेमकं उलटं. आमच्याकडे १४० जण आहेत. म्हणजे पार्ट बी (मेडिकेअरचा डॉक्टर-तपासण्यांचा भाग) मी निवृत्तीपर्यंत थांबवू शकतो, उशिराचा दंड लागत नाही. यंदा त्याचा हप्ता महिन्याला २०२.९० डॉलर आहे, तो आत्तापासून कशाला भरू? शिवाय पार्ट बी सुरू झाल्यापासून सहा महिने मेडिगॅप पॉलिसी (मेडिकेअरनंतर उरणाऱ्या खर्चासाठीचा खासगी पूरक विमा) तब्येतीचे प्रश्न न विचारता मिळते. ती मुदत नोकरीत असतानाच संपवून टाकायची नाही.

नोकरी सुटल्यावर दंडाशिवाय पार्ट बी घ्यायच्या आठ महिन्यांच्या मुदतीबद्दल मात्र सगळ्यांनी सावध राहा. आमच्या ओळखीतले एक गृहस्थ ऑक्टोबर २०२२ अखेर निवृत्त झाले, तेव्हा ६७ वर्षांचे होते. कंपनीचाच विमा कोब्राखाली (नोकरी सुटल्यावर स्वतःच्या पैशाने तो पुढे चालवायची सोय) १८ महिने चालू ठेवला आणि तो संपला की पार्ट बी घेऊ असं धरून चालले. पण कोब्रा म्हणजे 'चालू नोकरीचा विमा' नव्हे. आठ महिने नोकरी सुटल्यापासूनच मोजतात. एप्रिल २०२४ मध्ये कोब्रा संपला तेव्हा मुदत केव्हाच उलटून गेली होती. मग जानेवारी २०२५ च्या नोंदणीपर्यंत वाट पाहिली, फेब्रुवारीपासून पार्ट बी लागू झाला. मधले नऊ महिने विम्याशिवाय काढले आणि वर २० टक्के दंड, तोही आयुष्यभर. त्या काळात काकू त्यांना बर्फ काढायलासुद्धा बाहेर जाऊ देत नसत.

आता माझा खरा प्रश्न. माझं एचएसए (उपचारखर्चासाठी करमुक्त बचतीचं) खातं आहे. मेडिकेअरचा कुठलाही भाग घेतला की एचएसएत पैसे भरता येत नाहीत. आणि ६५ नंतर अर्ज केला की पार्ट ए (मेडिकेअरचा हॉस्पिटलचा भाग) सहा महिने मागच्या तारखेने लागू होतो. मी मे २०२७ मध्ये अर्ज केला, तर पार्ट ए नोव्हेंबर २०२६ पासून धरला जाईल. म्हणून ऑक्टोबरनंतर एचएसए बंद करायचं, इथपर्यंत समजलं.

बायकोचं गणित यातच अडकलंय. नेहमीच्या हिशेबाने तिला कोब्रा १८ महिने, म्हणजे डिसेंबर २०२८ पर्यंत. पण नोकरी सुटायच्या आधीच्या १८ महिन्यांत नोकरदाराला मेडिकेअर लागू झालं असेल, तर जोडीदाराला त्या तारखेपासून ३६ महिने कोब्रा मिळतो. नोव्हेंबर २०२६ धरला तर ऑक्टोबर २०२९ पर्यंत. म्हणजे तिचा सध्याचा एंडोक्रिनॉलॉजिस्ट आणखी दहा महिने सुटत नाही. उरलेल्या तीन महिन्यांसाठी मार्केटप्लेसचा (सरकारी विमा-बाजारातला) प्लॅन घेऊ. कोब्रा मुदत भरून संपला की त्यासाठी ६० दिवस मिळतात.

ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांना विचारायचंय: मागच्या तारखेने मिळालेला पार्ट ए तुमच्या कोब्रावाल्यांनी मान्य केला का? की सरळ सप्टेंबरातच पार्ट ए घ्यावा? तसं केलं तर एचएसएचे दोन महिने जातील आणि ३६ महिने ऑगस्ट २०२९ लाच संपतील, पण कार्ड हातात असेल, वादाला जागा राहणार नाही.

दुसरं, थोडक्यात. निवृत्तीनंतर दर हिवाळ्यात दोन महिने पुण्याला जायचा विचार आहे. मेडिकेअर भारतात चालत नाही. मेडिगॅपच्या प्लॅन जीमध्ये परदेशातल्या तातडीच्या उपचारांचा ८० टक्के खर्च मिळतो, पण प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांतलाच, वर २५० डॉलर आपले आणि आयुष्यभराची मर्यादा ५०,००० डॉलर. कुणी भारतातल्या हॉस्पिटलचं बिल असं मंजूर करून घेतलंय का? कागद कोणते लागले?

अपडेट: प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. एकांनी सुचवल्याप्रमाणे राज्याच्या मोफत मेडिकेअर सल्ला केंद्राला (शिप) फोन केला. बाईंनी पाऊण तास शांतपणे समजावलं. मला एचएसए बंद करावं लागलं तरी बायको स्वतःच्या नावाने खातं उघडून कुटुंबाच्या मर्यादेपर्यंत भरू शकते, यंदा ८,७५० डॉलर, शिवाय ती ५५ च्या पुढची म्हणून आणखी १,०००. फक्त आमचा प्लॅन एचएसएला चालणारा हवा, तो आहेच. त्यामुळे सप्टेंबरातच पार्ट ए घ्यावा याकडे आता माझा कल झुकलाय. पार्ट बीसाठी नोकरीचा दाखला म्हणून सीएमएस-एल५६४ हा फॉर्म कंपनीकडून भरून घ्यायचा असतो, तो निवृत्तीच्या आधीच सही करून घ्या असंही त्या म्हणाल्या.

मागच्या तारखेच्या पार्ट एचा अनुभव असलेलं अजून कुणी भेटलं नाही. असेल तर इथे लिहा किंवा विपू (विचारपूस) करा. ऑगस्टअखेर मला ठरवायचंय.