१२ फुटी ॲल्युमिनियम की १४ फुटी फायबर बोट?

काठावरचा : मुक्काम कोल्हापूर. घरात पाच माणसं : आम्ही दोघं, आई, ९ आणि १३ वर्षांची मुलं. रविवारी धरणाच्या पाण्यात फेरी आणि पहाटे गळ, एवढंच काम. दोन बोटी बघून ठेवल्यात. एक ॲल्युमिनियमची, सपाट तळाची, १२ फूट लांब, साडेचार फूट रुंद, ९.९ एचपीचं टू-स्ट्रोक इंजिन. दुसरी जुनी फायबरची, व्ही तळाची, १४ फूट लांब, साडेपाच फूट रुंद, २५ एचपी, ट्रेलरसकट. गाडी साधी हॅचबॅक आहे. कुठली घेऊ?

गळवाला : इंजिन नंतर बघा, आधी माणसं मोजा. लांबी गुणिले रुंदी, दोन्ही फुटांत, भागिले १५. पहिलीचे ५४ भागिले १५ म्हणजे ३.६, धरायची तीनच माणसं. दुसरीचे ७७ भागिले १५, म्हणजे पाच. हा हिशेबही शांत पाण्याचा. म्हणजे पाच जणांची फेरी पहिलीत बसतच नाही.

गळासाठी मात्र सपाट तळ झकास. उभं राहून मरळ ओढली तरी बोट फारशी कलत नाही. व्ही तळाची थांबली की डुलते, एका कडेला दोघं गेले तर चांगलीच झुकते. पण दुपारी वारं सुटून लाटा उठल्या की उलटं : व्ही तळ लाट कापतो, सपाट तळ धपाधप आपटतो आणि पुढच्या फळीवर बसलेल्या आईंची कंबर धरते.

पान्हा-पक्कड : जुनी फायबर घेणार असाल तर आधी ट्रान्सम तपासा, म्हणजे इंजिन अडकवतात ती मागची भिंत. आत बहुधा प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकांना सीलंट नीट लावलं नसेल तर ते पाणी पिऊन कुजतं, वरून फायबर चकचकीतच दिसतं. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं इंचाइंचावर ठोका. टणटणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर लाकूड गेलं. मग इंजिनाचा खालचा पाय धरून मागेपुढे ढकला. भिंत लवली तर सरळ घरी या, रंग बघून भुलू नका.

शाफ्टही मोजा, म्हणजे इंजिनापासून खाली पंख्यापर्यंत जाणारा दांडा. १५ इंच उंच ट्रान्समला शॉर्ट शाफ्ट, २० इंचीला लाँग. पंख्यावरची आडवी प्लेट तळाच्या रेषेत किंवा इंचभर खाली हवी. वर राहिली तर वळताना पंखा हवा ओढतो. इंजिन किंचाळतं, बोट जागची हलत नाही.

इंजिन चालू करून ते थंड ठेवणाऱ्या पाण्याची मागून पडणारी बारीक धार बघा. धार मंद असेल तर गाळानं भोक तुंबलंय किंवा इम्पेलर, म्हणजे पाणी खेचणारी रबरी चकती, झिजलाय. टू-स्ट्रोकला साधारण लिटरला २० मिली ऑइल, तेही टीसीडब्ल्यू-३ लिहिलेलं, म्हणजे बोटीच्या टू-स्ट्रोक इंजिनाचं. मोटरसायकलचं ओतू नका. हल्लीचं इथेनॉलवालं पेट्रोल टाकीत महिना-महिना ठेवलं की पाणी धरतं, कार्बोरेटर चोंदतो. शेवटची फेरी झाली की पेट्रोलची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

काठावरचा : ट्रान्सम टणटणीत निघाला तर फायबरच घ्यावी म्हणता?

घाटवाट : भावा, उतरवणार कुठं ते ठरीव की आधी. मे महिन्यात पाणी लांब सरतंय, मधे नुसता गाळ. बोट, इंजिन, ट्रेलर धरून ४०० किलोच्या घरात वजन. हॅचबॅकची ओढणारी चाकं पुढं, चढावर वजन मागं जातंय आणि चाकं जागीच फिरत्यात. ॲल्युमिनियमची चौघं उचलून नेतील. पाणी उतरल्यावर जुन्या झाडांची खोडं वर येत्यात. ॲल्युमिनियमला पोचा पडतोय, फायबरला तडा जातोय. पक्का उतार आणि जीप मिळत असंल तरच फायबर.

आणि परवानगी. पाणी जलसंपदा खात्याचं, माशांचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार संस्थेकडं. राधानगरीकडं अभयारण्य, म्हणून वन खात्यालाबी विचार. इंजिनाच्या बोटीला नोंदणी लागती, ती वेगळी. राधानगरीचे ७ दरवाजे स्वयंचलित हायत, पाणी चढलं की आपोआप उघडतात. पावसाळ्यात त्या अंगाला फिरकूच नको.

गळवाला : घाटवाट यांचं उताराचं म्हणणं खरंय. जीप नसेल तर पहिली घ्या, पण एका वेळी तिघंच, बाकीचे काठावर. पोराचं लाइफ जॅकेट त्याच्या वजनाचं घ्या, पायांमधून पट्टा असलेलं. मोठ्यांचं घातलं तर पाण्यात डोक्यावरून निसटतं. किल स्विचची, म्हणजे ओढली की इंजिन बंद पाडणारी, दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला. आणि पाण्यात ढकलण्याआधी तळाचा बूच बसवलाय का, हात लावून बघा.