चिखलपट्ट्यावरील सूक्ष्म शैवालाच्या गणितात भरती-ओहोटी कशी धरावी?

मृण्मयी (प्रश्न): शिवडीच्या चिखलपट्ट्यावर ओहोटीच्या वेळी जो तपकिरी, तुकतुकीत थर दिसतो, त्यातील डायटमच्या (एकपेशीय सूक्ष्म शैवालाच्या) वाढीचे गणिती प्रारूप मी तयार करीत आहे. लॉजिस्टिक समीकरणातील (ज्यात कमाल मर्यादेजवळ वाढ मंदावते) वाढीचा दर दिवसाच्या सरासरी सूर्यप्रकाशावरून काढला आहे. पण आलेख एकसारखा चढत जातो आणि भरती-ओहोटीचा त्यात मागमूसही दिसत नाही. पाण्याखालचा वेळ वजा करण्यासाठी दर निम्मा केला तर चालेल का?

खाजणकर: चालणार नाही, कारण पट्टा किती तास उघडा राहतो यापेक्षा तो कोणत्या तासांना उघडा राहतो, हे महत्त्वाचे आहे. खाडीचे पाणी इतके गढूळ असते की भरतीत तळापर्यंत प्रकाश जवळजवळ पोहोचत नाही. प्रकाशसंश्लेषण होते ते मुख्यतः दिवसाउजेडीच्या ओहोटीत. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पूर्ण भरती भर दुपारी असते आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहा-सातच्या आसपास; त्यामुळे उधाणाला (या मोठ्या भरती-ओहोटीला) उघडा पडणाऱ्या खालच्या चिखलाला कोवळे किंवा कलते ऊनच मिळते. भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येत असल्याने अष्टमीच्या भांगाला (लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत) ओहोटी दुपारी येते, पण तेव्हा पाणी फारसे उतरत नाही, म्हणून माथ्यावरचे ऊन केवळ वरच्या पट्ट्याला लाभते. फ्रान्सच्या मारेन-ओलेरों उपसागरात नेमके उलट आहे: तेथे उधाणाचीच ओहोटी दुपारी येते. तेथील निष्कर्ष इकडे जसेच्या तसे उचलू नयेत.

सागरवेध: तरीही तेथील प्रारूपाची बांधणी अवश्य पाहावी. त्याच उपसागरातील ब्रुआजच्या चिखलपट्ट्यासाठी फ्रेंच संशोधकांनी पृष्ठभागावरचा थर आणि त्याखालच्या चिखलातील शैवाल अशी दोन चलपदे वेगळी धरली. प्रकाश चिखलात जेमतेम मिलिमीटरच्या अंशापर्यंत शिरतो. म्हणून डायटम दिवसा ओहोटी लागली की वर सरकतात आणि पाणी येण्यापूर्वी खाली जातात. कमाल मर्यादा लागू होते ती त्या पातळ थराला, एकूण साठ्याला नव्हे. आपल्या एकाच समीकरणात हा भेद पुसला जातो. तापमानही तासागणिक घ्यावे, कारण उन्हाने तापलेल्या चिखलात एका मर्यादेनंतर प्रकाशसंश्लेषण मंदावते.

मृण्मयी: आभारी आहे. मग पट्ट्याची एकच सरासरी उंची धरणेही चुकीचे ठरेल ना?

खाजणकर: होय. वरचा, मधला आणि खालचा असे निदान तीन भाग करून प्रत्येकाची उंची भरतीच्या कोष्टकातील शून्य पातळीपासून मोजावी, आणि पाण्याची पातळी त्या उंचीखाली गेली असेल व सूर्य क्षितिजाच्या वर असेल, तेवढ्याच वेळेपुरती वाढ चालू ठेवावी. घट मात्र भरतीतही चालू राहते: लाटांनी थर उखडतो, गोगलगायी चरतात, आणि रोहित पक्ष्यांच्या (फ्लेमिंगोंच्या) मुक्कामाच्या महिन्यांसाठी निराळे पद घालावे लागेल.