हेरगिरीच्या सॉफ्टवेअरपुढे आयफोन भक्कम की अँड्रॉइड?

प्रश्न : माझी धाकटी बहीण पत्रकार असून तिच्यासाठी नवा फोन घ्यायचा आहे. आयफोन अभेद्य असल्याचे सगळेच सांगतात, पण पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरने त्यातही शिरकाव केला होता. मग निवड कशाच्या आधारे करावी?

पहिले उत्तर : अभेद्य कोणतीच प्रणाली नाही. २०२१ मध्ये उघड झालेल्या ‘फोर्स्डएंट्री’ हल्ल्यात आयमेसेज या ॲपलच्या संदेशसेवेवर आलेली फाइल उघडण्याचीही गरज नव्हती. चित्र वाचणाऱ्या कोडमधल्या एका चुकीतून पेगासस थेट आत शिरत असे. ॲपलने २०२२ मध्ये आयफोनच्या आयओएस १६ या प्रणालीसोबत ‘लॉकडाउन मोड’ आणला, ज्यात संदेशांसोबतच्या बहुतेक फाइली अडवल्या जातात आणि ब्राउझरच्या काही गुंतागुंतीच्या सुविधा बंद होतात. गैरसोय होते, तरी पत्रकाराने ती सोसावी असे मला मनापासून वाटते.

दुसरे उत्तर : अँड्रॉइडला सरसकट कमी लेखणे योग्य नाही. तिथली खरी अडचण अशी, की गूगलने केलेली दुरुस्ती प्रत्येक कंपनीच्या फोनपर्यंत वेगवेगळ्या वेळी पोहोचते, आणि जुन्या फोनपर्यंत कधीकधी पोहोचतच नाही. गूगलच्या स्वतःच्या पिक्सेल ८ पासूनच्या मुख्य पिक्सेल फोनना मात्र ७ वर्षे अपडेट मिळतात. अँड्रॉइड १६ मधील ‘ॲडव्हान्स्ड प्रोटेक्शन’ अनोळखी ठिकाणांहून ॲप बसवू देत नाही.

प्रश्नकर्ता : फोन रोज बंद करून चालू केल्याने फायदा होतो का?

पहिले उत्तर देणारे : काही अंशी होतो. केवळ फोनच्या तात्पुरत्या मेमरीत राहणारे हेरगिरीचे सॉफ्टवेअर त्यामुळे पुसले जाते. परंतु मूळ चूक दुरुस्त झालेली नसेल, तर ते पुन्हा शिरू शकते. म्हणून अपडेट आल्या दिवशीच टाकायला सांगा.