जत्रेचे पैसे कशावर उडवलेत?

संक्रांत जवळ आली की आम्हा सोलापूरकरांना तिळगुळाच्या आधी गड्डा आठवतो. सिद्धेश्वराची यात्रा, पण घरात तिला यात्रा कुणी म्हणत नाही, गड्डाच. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं सात नंदीध्वज पेलत अडुसष्ट लिंगांना निघतात, मग संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. लग्न सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं. लहानपणी हे ऐकल्यावर माझा एकच प्रश्न होता, मग पंगत कुठंय?

पोरांचा गड्डा होम मैदानावर. माझे पैसे दरवर्षी मौत का कुआंत जायचे. लाकडी फळ्यांची ती विहीर. वरच्या कठड्याला रेलून उभं राहायचं. मोटारसायकल गरगरत वर यायला लागली की पायाखालच्या फळ्या थडथडायच्या. शेजारच्या काकांनी नोट पुढं धरली आणि स्वारानं हँडल सोडून ती अलगद उचलली, तेव्हा त्याची वंगणानं काळी झालेली बोटं माझ्या नाकासमोरून गेली. मी माझी नोट खिशातच दाबून धरली होती.

आता तुमचं येऊ द्या. परंपरा, भक्तिभाव राहू द्या बाजूला. जत्रेला म्हणून पैसे कुणी दिले आणि कुठं गेले, ते सांगा. आणि ‘हल्ली पूर्वीसारखी मजा राहिली नाही’ हे वाक्य कृपया नको, ते सगळ्यांचंच पाठ आहे.

*

आमच्याकडं पैसे मिळायचे नाहीत, कमवायला लागायचे. कराड तालुक्यातलं गाव. यात्रेच्या पहिल्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य, रात्री पालखीचा छबिना. दुसऱ्या दिवशी घराघरात मटण आणि दुपारी कुस्त्यांचं मैदान. मोठे पैलवान येईपर्यंत पोरांच्या कुस्त्या लावायचे. सगळ्यात बारकी पोरं रेवडीवर. जिंकला तरी रेवड्या, हरला तरी रेवड्या, फक्त मूठ लहान-मोठी. त्याच्यावर नारळ, मग एक रुपयापासून पुढं.

फेटेवाला पंच दंडाला धरून गोल फिरवायचा, “ह्याच्या जोडीचं कोण हाय का?” माझ्यासमोर उभा राहिला तो आमच्याच घरचा पाहुणा, चुलतीच्या माहेरचा पोरगा. सकाळी एका ताटात जेवलेलो. हलगी कडाडायला लागली आणि नातं गेलं उडत. ढाकेचा डाव बसला नाही, पण पायात पाय घालून पाडला कसातरी. पंचानं मूठभर रेवड्या दिल्या. घामेजल्या हातात त्यांना तांबडी माती चिकटली, चावताना तिळासंगं तीबी करकरायची.

घरी आजी दारातच. “पाहुण्याला पाडतोस व्हय रं?” निम्म्या रेवड्या त्याला द्यायला लावल्या. पुढं रुपयाच्या कुस्तीपर्यंत पोचलो तेव्हा पत्र्याची बोट घेतली. आत वात पेटवली की परातीतल्या पाण्यात टपटप करत फिरायची.

*

तळकोकणात आमच्या जत्रा भातकापणी उरकल्यावर, कार्तिकात लागतात. एकामागून एक, गावोगाव. (आंगणेवाडीच्या भराडीची गोष्ट निराळी, तिथे तारीख देवीच्या कौलाने ठरते. ती जाहीर झाली की मुंबईत चाकरमान्यांची तिकिटांसाठी धावपळ.)

पैसे द्यायचा तो मुंबईचा काका, आणि ते ठरलेल्या ठिकाणीच जायचे, खाज्यावर. बेसनाच्या कांड्या, वरून आलं घातलेल्या गुळाचा जाड थर. वर्तमानपत्रात बांधून देत, त्यामुळे शेवटच्या कांडीवर बातमी उमटलेली असे. ते घेऊन देवळासमोर घोंगडीवर बसायचं. दशावतार सुरू व्हायचा उशिरा. गणपती, संकासुर होऊन मुख्य कथा सुरू होईपर्यंत आम्ही आडवे. मग झांजांचा कडकडाट आणि आई गदागदा हलवायची, “ऊठ, राक्षस इलो!” एवढ्यासाठी उठवायचं, नि पुन्हा झोप म्हणून दटावायचं.

एकदा मध्यरात्री देवळामागे गेलो तर मघाची राणी पेटाऱ्यावर बसून विडी ओढत होती. मुकुट मांडीवर, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेलं. मी थिजलोच. राणीने माझ्या हातातली पुडी पाहिली आणि भसाड्या आवाजात म्हणाली, “बाबू, एक कांडी दी मरे.” एक दिली, तिने दोन घेतल्या. नंतर रंगमंचावर तीच राणी पुत्रवियोगाने रडत होती, पुढच्या बायका डोळ्यांना पदर लावत होत्या आणि मला मात्र माझ्या दोन कांड्या दिसत होत्या.

*

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, जत्रेपेक्षा मंडई मोठी. दिवाळी झाली की सुरू. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा, म्हणजे पाहुण्यांना सगळीकडे जाता येतं. दिवसा दंडारीचा लोकनाच आणि दुकानं, रात्री नाटक. नाटक म्हणजे पहाटेपर्यंत चालणारं, वडसा देसाईगंजच्या कंपन्यांचं, गाणी नि विनोदासकट.

मुलींकडे पैसे असायचे बरं का! भाऊबीजेची ओवाळणी ताजी असते ना. भाऊ बिचारे कफल्लक आणि आमच्या मागे मागे. उकडलेले काळे शिंगाडे घ्यायचो, सोलताना नखं काळी व्हायची. मग काचेच्या बांगड्या. कासारीण हाताची बोटं दाबून दाबून अशी बांगडी चढवायची की डोळ्यांत पाणी यायचं, पण हात मागे घ्यायचा नाही, फुटली तर तिचे पैसेही आपल्यालाच पडायचे.

आणि मंडईत लग्नं जुळतात. पाहुणे नाटकाला येतात, बायका कोपऱ्यात बसून मुली बघून घेतात. दहावीनंतरच्या मंडईला आईने न मागता नवा ड्रेस शिवला. मी खुशीत, अख्ख्या गावात मिरवून आले. दुसऱ्या दिवशी मावशी सांगत आली की मुलाकडच्यांना चाल पसंत आहे! मी बारावीला बसणार म्हणून हटून बसले आणि बसलेही. पण ओवाळणीच्या पैशांतून तिकीट काढून बघितलेलं ते नाटक काय होतं ते आजही आठवत नाही. रात्रभर कोण कुठून बघतंय हेच शोधत होती म्हणे माझी मैत्रीण. मला तर तेव्हा काही माहीतच नव्हतं.

*

आम्ही वांद्र्याचे. मोतमावलीची, म्हणजे माउंट मेरीची जत्रा, ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर. शेजारच्या ख्रिश्चन मावशींबरोबर माझी आजीही दरवर्षी जायची. तिथे मेणाचे हात, पाय, घरं, बाळं मिळतात, ज्याचा जो नवस. आजीने पाय घेतला. गुडघे तर दोन्ही दुखायचे तिचे! विचारलं तर म्हणाली, “डावा अजून चालतोय.” उरलेल्या पैशांत मला चणे.

*

ग्वाल्हेरचा मेळा चालेल का? १९०५ मध्ये माधवराव शिंद्यांनी सुरू केलेला, मूळचा गुरांचा बाजार. आमच्या वेळी तिथे गाड्यासुद्धा विकायला असत आणि करात सूट मिळायची म्हणून बाबांसारखे लोक स्कूटर घ्यायला मेळ्याची वाट बघत. भर थंडीत दात वाजत असताना सॉफ्टी खाणं हे मात्र अनिवार्य. आई मराठीत ओरडायची, आम्ही हिंदीत दुसरी मागायचो.

*

सगळ्यांचं वाचलं. तुमचे पैसे कुठं गेले ते मी सांगतो, आमच्या गल्ल्यात. वडील खेळणी विकायचे. पौषात पालीचा खंडोबा, रंगपंचमीला बावधनचं बगाड, चैत्रात ज्योतिबा, मधे असंख्य बारक्या जत्रा. रात्री ताडपत्रीखाली पैसे मोजायला मी. पालीच्या नोटा भंडाऱ्यानं पिवळ्या, ज्योतिबाच्या गुलालानं गुलाबी. मोजून झालं की आपलेच हात त्या रंगाचे, आणि त्याच हातानं भाकरी.

मी जत्रेत पाळण्यात बसलो तो थेट नोकरी लागल्यावर. तोवर माझं काम पिपाणी वाजवायचं. ऐकू आली तर खपते, म्हणून सकाळपासून वाजवायची, संध्याकाळी ओठ सुजलेले असायचे. बाहुली, मोटार मांडून ठेवली तरी खपते. पिपाणीचं तसं नाही आणि आई-बाप ती घेऊन द्यायलाही तयार नसतात, घरी डोकं उठतं.

वडिलांची नजर गिऱ्हाइकावर पक्की. पोरगं दुकानासमोर रेंगाळलं तरी ते पोराकडं बघायचेच नाहीत, बोट कुणाचं धरलंय ते बघायचे. बाप असला तर हातातलं काम सोडायचे नाहीत. आजोबा असले तर स्वस्तातली भिंगरी पुढं. आणि आत्या असली की मला खूण करायचे, वाजव. माहेरी आलेली आत्या भाच्याला नाही म्हणत नाही, वर घासाघीसही करत नाही.