तुरुंगातल्या बंद्यांची एएसपीडी आणि सायकोपथीसाठी तपासणी: कुठलं साधन वापरू? (मुंबई)

कोरा_कागद
नमस्कार मंडळी. क्लिनिकल सायकॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. डिझर्टेशनचा विषय आहे पुरुष बंद्यांमधली अँटीसोशल पर्सनॅलिटी डिसऑर्डर, म्हणजे एएसपीडी, आणि सायकोपथी. अर्ज पुण्याला कारागृह मुख्यालयात गेलाय. मुंबईतल्या एका कारागृहात चाळीसेक जणांना भेटता येईल अशी चिन्हं आहेत, बहुतेक सगळे कच्चे कैदी. गाईड म्हणतात, सरळ स्वतः भरायची प्रश्नावली दे, दोन महिन्यांत डेटा हातात. लेव्हेन्सनची सायकोपथीवरची २६ वाक्यांची प्रश्नावली मिळालीये, तिचं हिंदी-मराठी भाषांतर मीच करतेय. एवढं पुरेल का? की मुलाखत घेऊन सायकोपथी मोजणारी हेअरची चेकलिस्टच हवी? ती महाग आहे आणि प्रशिक्षण लागतं, असं ऐकलंय. आत जाऊन काम केलेल्यांनी प्लीज लिहा. "विषयच बदल" हा सल्ला आईने ऑलरेडी दिलाय.

वडापाव_एक्स्ट्रा_चटणी
तुरुंगात सायकोपथ शोधायचे म्हणजे विरार लोकलमध्ये घामाघूम माणूस शोधण्यासारखं झालं. चाळीसातले चाळीस निघतील! तो सीरियल किलर रामन राघव आठवतो का? तसलेच सगळे.

जुनी_फाईल
वडापावसाहेब, तुमचा विनोद एएसपीडीबद्दल अर्धा खरा आहे, सायकोपथीबद्दल खोटा, आणि रामन राघवबद्दल साफ चूक. तो १९६८ साली पकडला गेला. पुढे हायकोर्टाने नेमलेल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या मंडळाने निदान केलं ते जुनाट पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचं. म्हणूनच १९८७ मध्ये फाशीची जन्मठेप झाली, आणि १९९५ ला तो ससूनमध्ये वारला. त्याचं वास्तवाशी नातंच तुटलेलं होतं. सायकोपथचं तसं नसतं, त्याला सगळं लख्ख समजत असतं. पेपरवाले दोघांनाही "सायको" म्हणतात, तिथूनच सगळा घोळ.

आता कोरा_कागद, तुझ्यासाठी. ३१ वर्षं क्लिनिकलमध्ये काढली, त्यातली काही जेलच्या रेफरल ओपीडीत, म्हणून जरा लांबेल.

एएसपीडीचे निकष बघ. वय १८ पूर्ण, सातपैकी तीन लक्षणं, आणि १५ च्या आत कंडक्ट डिसऑर्डरच्या, म्हणजे लहानपणीच्या गंभीर गैरवर्तनाच्या खुणा. त्या सातांत पुन्हा पुन्हा अटकेची पाळी येईल असं वागणं, मारामाऱ्या, खोटेपणा, अविचार, बेजबाबदारपणा हे सगळं आहे. म्हणजे ज्या कारणाने माणूस आत आलाय तेच आपण लक्षण म्हणून मोजतो. मग आकडा फुगणारच. फाझेल आणि डॅनेश या संशोधकांनी २००२ मध्ये १२ देशांतल्या ६२ पाहण्या एकत्र केल्या. पुरुष कैद्यांत एएसपीडी निघाली ४७ टक्के, बायकांत २१. अर्धा तुरुंग ज्या लेबलाखाली येतो, त्यातून एका माणसाबद्दल काय कळणार?

हेअरचं मोजमाप वेगळं आहे. २० मुद्दे, प्रत्येकाला ०, १ किंवा २, एकूण ४०. उत्तर अमेरिकेत ३० किंवा वर असेल तर सायकोपथी धरतात, युरोपात बऱ्याचदा २५ वर. त्यातला एक भाग गुन्हेगारी आणि उनाड जगण्याचा, तो एएसपीडीशी जुळतो. दुसरा भाग स्वभावाचा: वरवरचा गोडवा, स्वतःबद्दल अवास्तव कल्पना, थापा, दुसऱ्याच्या दुःखाचा ओरखडाही न उठणं. तुरुंगात खरी माहिती देतो तो हा दुसरा भाग. एएसपीडी असलेल्या बहुतेकांना तिथे फार गुण पडत नाहीत.

म्हणून नुसती प्रश्नावली नको. लेव्हेन्सनची बेतली गेली कॉलेजच्या पोरांवर. आणि थापा मारणं हेच जिथे लक्षण, तिथे "तुम्ही थापा मारता का?" असं कागदावर विचारून काय हाती लागणार? हेअरची चेकलिस्ट भरते मुलाखतीतून आणि फाइलमधून. मुलाखत कितीही रंगू दे, फाइल नसेल तर गुण द्यायचे नाहीत. वेळ आणि पैसा कमी असेल तर तिचीच छोटी आवृत्ती बघ, १२ मुद्दे, २४ गुण. पण तीही रीतसर विकत घेऊन आणि शिकून. झेरॉक्सवर काम करू नकोस.

सातरस्ता
मी आर्थर रोडला आणि भायखळ्याला मुलाकातीच्या लायनीत आणि आत मिळून बरीच वर्षं सामाजिक कार्यकर्ती म्हणून काढली. काकांचं बरोबर आहे, पण त्यांची फाइल कुठून येणार ते मी सांगते.

आर्थर रोडची अधिकृत क्षमता हजारसुद्धा नाही. आत माणसं त्याच्या कित्येक पट. तुला वेगळी खोली मिळेल या भ्रमात राहू नकोस. मला ऑफिसातलं एक टेबल मिळायचं. बाजूला वॉर्डर उभा, मागे शिपाई रजिस्टर लिहितोय, आणि मधूनच कोणीतरी "साहेब, तारीख लागली का" विचारत यायचा. मोबाईल गेटवर ठेवायचा, रेकॉर्डर विसरून जा. कागद-पेन न्यायचं, पेनं दोन. एक जातंच.

फाइल म्हणजे हिस्ट्री तिकीट आणि केसचे कागद. त्यात कलम, तारखा, आजार, जेलमधल्या शिक्षा एवढंच. लहानपण नसतं त्यात. १५ च्या आतलं कोण सांगणार? शाळेचा दाखला मागशील तर निम्मे जण पाचवी-सातवीत सुटलेले. आणि इथे फार जपून, बाई. दहाव्या वर्षी जरीच्या कारखान्यात बसवलेलं पोर शाळेत गेलं नाही, याला "शाळा बुडवणे" म्हणून टिक मारायची का? घरातून पळून आला लिहितात, पण कोणाच्या मारामुळे पळाला? निकष चुकीचे म्हणत नाही मी, पण मागचं न विचारता टिक मारली तर धारावीतलं अर्धं बालपण कंडक्ट डिसऑर्डर ठरेल.

मुद्दे इथे बसवतानाही अडतं. वारंवार लग्नं मोडणं असा एक मुद्दा आहे ना? आपल्याकडे लग्न मोडत नाही, बायको माहेरी जाऊन बसते. दुसऱ्याच्या जिवावर जगणं म्हणाल तर लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत मोठ्या भावाच्या पगारावर जगणारा धाकटा कोणाच्या घरी नाही?

आणि भाषांतर एकटीने करू नकोस. गंमत सांगते. एका विद्यार्थिनीबरोबर बसले होते. तिने 'गिल्ट'ला लिहिलं होतं अपराधी वाटणं, शब्दकोशात तसंच आहे. तिने विचारलं, "तुम्हाला अपराधी वाटतं का?" समोरचा अगदी शांतपणे म्हणाला, "मॅडम, ते कोर्टाने अजून ठरवायचंय." मागचा शिपाई खो-खो हसला. तिने कागदावर लिहिलं: पश्चात्तापाचा अभाव, २ गुण. मी बाहेर आल्यावर ते खोडायला लावलं.

काळा_डगला
सातरस्ताताई, तुमच्या त्या माणसाचं उत्तर वकिलाने पढवलेलं असेल तरी कायद्याने अचूक आहे. माझा मुद्दा इथूनच सुरू होतो.

देशातल्या तुरुंगांत साधारण चारपैकी तीन जण कच्चे कैदी आहेत. ज्याचा खटला चालू आहे त्याला जबाबदारी स्वीकारत नाही किंवा पश्चात्ताप नाही म्हणून गुण देणं म्हणजे निकालाआधी निकाल लावणं. दुसरं म्हणजे, आपल्या पुराव्याच्या कायद्यात वकील-अशिलाच्या बोलण्याला संरक्षण आहे, तुमच्या-पेशंटच्या बोलण्याला तसं नाही. उद्या त्याने तुझ्यासमोर काही कबूल केलं आणि सरकारी पक्षाने तुलाच साक्षीला बोलावलं तर? म्हणून चालू गुन्ह्याबद्दल एक शब्दही विचारायचा नाही, आणि शक्य असेल तर फक्त पक्के कैदी घ्यायचे. मग तळोजा, ठाणे किंवा येरवड्यासाठी वेगळी परवानगी काढावी लागेल, पण कर.

संमतीचंही बघ. सेल्वी खटल्यात (२०१०) सुप्रीम कोर्टाने नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग संमतीशिवाय करता येणार नाही म्हटलं. तुझी चाचणी त्यात येत नाही, पण अधीक्षकांनी पाठवला म्हणून आलेला माणूस "हो" म्हणतो ती संमती कितपत खरी, हे एथिक्स कमिटीच्या आधी स्वतःला विचार.

आणि लेबलाचं वजन. मनोज विरुद्ध मध्य प्रदेश (२०२२) पासून फाशीच्या प्रकरणांत आरोपीचं मानसशास्त्रीय मूल्यमापन मागवलं जातं, तेही शिक्षा सौम्य करण्यासारखं काही आहे का ते कोर्टापुढे यावं म्हणून. त्या कागदावर "सायकोपथ" लिहिलंत तर तोच कागद दोराकडे ओढतो. टेक्सासमध्ये जेम्स ग्रिगसन नावाचे मानसोपचारतज्ज्ञ होते. फाशीच्या खटल्यांत उभे राहून, काही वेळा आरोपीला न तपासताच, हा पुन्हा मारणारच असं ठामपणे सांगायचे. १९९५ मध्ये त्यांच्याच संघटनेने त्यांना काढून टाकलं. तोवर शंभरावर खटल्यांत साक्ष झाली होती.

आकडेमोड
माझं थोडक्यात. चाळीस जणांना ३० वर कापून "सायकोपथ / नॉन-सायकोपथ" असे गट करू नकोस. एका बाजूला चार-पाच उरतील आणि त्यावर टी-टेस्ट लावून तू एक्स्टर्नलसमोर बसशील. गुण सलग ठेव, स्वभावाचा आणि वर्तनाचा भाग वेगळा दाखव.

प्रत्येकाला दोघांनी स्वतंत्र गुण द्या. २०१३ चा मरी आणि सहकाऱ्यांचा प्रयोग वाच. शंभरावर तज्ज्ञांना त्याच त्या फाइली दिल्या. निम्म्यांना सांगितलं तुम्ही सरकारी पक्षाचे, निम्म्यांना बचावाचे. हेअरच्या चेकलिस्टवर सरकारी समजूत असलेल्यांचे गुण चढे निघाले. फाइल तीच, मुद्दे तेच. माहिती नसलेले मुद्दे रिकामे सोडता येतात, पाचपर्यंत. अंदाजाने १ देऊ नकोस, विद्यार्थी तेच करतात.

वडापाव_एक्स्ट्रा_चटणी
बाप रे. मी आपला गंमत करायला आलो होतो. एक खरंच विचारतो, काका: समोर बसलेल्या माणसावरून अनुभवी माणसाला कळत नाही का? नजरेवरून वगैरे?

जुनी_फाईल
नाही. नजरेवरून कळतं म्हणणाऱ्यांत मीही होतो. एक प्रसंग सांगतो, तपशील बदललेत.

तिशीतला माणूस, फसवणुकीची शिक्षा भोगत होता. इतका नीट बोलणारा की मी त्याला "अहो-जाहो" करायला लागलो. आईचा विषय निघाला तसा थांबला, चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला, म्हणाला, "गेल्या दिवाळीत गेली. पॅरोल मिळाला नाही, खांदा द्यायलासुद्धा." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. स्वभावाच्या भागात सगळीकडे शून्य-एक दिले. पत्नीवियोगाला सहा महिने झाले होते मला, तेही असेल.

पुढच्या आठवड्यात गेटवर सही करतोय, तर मुलाकातीच्या बाकड्यावर एक म्हातारी बसलेली. शिपायाने नाव पुकारलं ते त्याचं.

कोरा_कागद
अंगावर काटा आला, सर. 😶 गाईडशी बोलले. प्रश्नावली मुख्य साधन म्हणून बाद. आता ठरलंय ते असं: फक्त पक्के कैदी, चाळीसऐवजी वीस. छोटी चेकलिस्ट प्रशिक्षण घेऊन, दोन जणींनी स्वतंत्र गुण. एएसपीडीसाठी वेगळी स्ट्रक्चर्ड मुलाखत, त्यात व्यसन आणि सायकोसिस आधी तपासायचं. प्रत्येकाच्या संमतीने घरच्या एकाशी तरी बोलायचं. नावं कुठेच नाहीत, आणि गुण जेलच्या फाइलीत जाणार नाहीत हे अधीक्षकांकडून लेखी. सातरस्ताताई, भाषांतर बघाल का? 'गिल्ट'ला आता "मनाला लागून राहिलंय का" केलंय.

सातरस्ता
"मनाला खातं का" कर. तसंच बोलतात. हिंदीत "मन को खाता है क्या", समजतं सगळ्यांना. घरच्यांना भेटायचं तर फोन करून बोलावू नकोस, पोलीस समजतात. मुलाकातीच्या दिवशी गेटवर जा आणि लायनीत त्यांच्या शेजारी बस. पाणी असू दे जवळ.

काळा_डगला
त्या लेखी हमीचा मसुदा मला व्यनि (खाजगी निरोप) कर. बघून देतो.

आकडेमोड
वीस चालतील. फक्त 'पायलट' म्हणा.

कोरा_कागद
सर, एक राहिलं. त्या आईशी तुम्ही बोललात का?

जुनी_फाईल
बोललो. शेजारी जाऊन बसलो, म्हटलं, मुलाने सांगितलं तुम्ही गेलात. तिला राग नाही आला, रडूही नाही. पिशवीतल्या केळ्यांची पिवळी साल तेवढी नखाने खरवडत राहिली. म्हणाली, "पाचवीत फी भरायची होती, मी दिलेले पैसे उडवले, बाईंना सांगितलं आई वारली. वर्गाने वर्गणी काढली, बाई घरी आल्या सांत्वनाला. दार मीच उघडलं. नंतर सोनाराकडे कामाला होता, तिथे अ‍ॅडव्हान्ससाठी मारलं मला. तुम्ही तिसरे."

मी तिथेच बाकड्यावर वही काढली आणि "पंधराच्या आत" या रिकाम्या रकान्यात पाचवी लिहिलं.