सेल्फ गेला की बॅटरी? तुमचे अनुभव सांगा

गेल्या महिन्यात सकाळी साडेसहाला बाबांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला न्यायचं होतं. कोथरूडच्या आमच्या पार्किंगमध्ये किल्ली फिरवली, तर एकदाच 'टक्' आणि मग शांतता. सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटार, फिरलाच नाही. दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत. शेवटी रिक्षाने गेलो. गॅरेजवाल्याने गाडी न उघडताच सांगितलं, "सेल्फ गेला, नवीन टाका." मन मानेना. ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने सेल्फ उतरवून खोलला, तर कार्बन (आतल्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे घासते तुकडे) झिजून नखाएवढे उरले होते. कार्बन आणि बुश बदलले, गाडी पहिल्यासारखी चालू. नऊ वर्षं आणि 90 हजार किलोमीटर झालेल्या गाडीला हे व्हायचंच, पण अख्खा सेल्फच नवा घ्यायला निघालो होतो याची हळहळ वाटते. तुमच्याकडे काय झालं, काय बदलावं लागलं, तपशिलात लिहा.

*

आमचा सेल्फ पाण्याने गेला. 25 जुलै 2024 ला सिंहगड रस्त्यावर पाणी शिरलं, तेव्हा गाडी खालीच होती. पाणी ओसरल्यावर मुलगा किल्ली फिरवायला निघाला होता, त्याला मी अडवलं. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन वाचलं. सेल्फकडे मात्र कुणाचं लक्ष गेलं नाही, कारण तेव्हा तो चालत होता. दिवाळीनंतर अडकायला लागला. खोलला तर आत वाळलेला गाळ, सोलेनॉइडचा (सेल्फला वीज जोडणाऱ्या चुंबकी स्विचचा) दांडा गंजलेला, आर्मेचर (आतला फिरणारा भाग) काळं पडलेलं. तो दुरुस्तीपलीकडे गेला होता, नवाच घेतला. गाडी पाण्यात बुडाली असेल तर सीट आणि कार्पेटच्या आधी सेल्फ आणि अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) उतरवून साफ करून घ्या, ही माझी कळकळीची विनंती.

*

हडपसर. आमच्याकडे 'टकटकटकटक' व्हायचं. सेल्फ नव्हता, बॅटरीही नव्हती. बॉडीला जाणारी अर्थची वायर गंजली होती. घासून घट्ट केली, संपलं.

*

माझी डिझेल गाडी. सेल्फ दोनदा दुरुस्त केला, दोन्ही वेळा वर्षभरात परत तेच. तिसऱ्यांदा इलेक्ट्रिशियनदादांनी टॉर्च घेऊन वर बघितलं, तर इंजिन ऑइल थेट सेल्फवर ठिबकत होतं. आत शिरून कार्बनची भुकटी चिकट होत होती. आधी गळती थांबवली, मग नवीन सेल्फ बसवला. पहिल्या दोन दुरुस्त्यांचे पैसे वायाच गेले.

*

मी ऑटो इलेक्ट्रिशियनचंच काम करतो, म्हणून थोडं सांगतो. आधी मीटर लावा. गाडी बंद असताना चांगली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना काटा 10 च्या बराच खाली घसरला तर बहुतेक वेळा बॅटरी कमजोर. 12 च्या जवळच राहिला आणि नुसतं टक् झालं, तर सेल्फ, सोलेनॉइड किंवा त्याची वायर. सेल्फ फिरतो पण इंजिन फिरत नाही, तर बेंडिक्स (सेल्फला इंजिनाशी जोडणारा छोटा गिअर). खर्रर्र आवाज येत असेल तर थांबा, फ्लायव्हीलच्या (सेल्फ इंजिनाचं जे चाक फिरवतो त्याच्या) रिंगचे दात गेले की गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि खर्च सेल्फच्या कितीतरी पुढे जातो. दहा सेकंदांहून जास्त सेल्फ धरू नका. थोडं थांबा, मोटार गार होऊ द्या.

*

ऑटोमॅटिक गाडी, त्यामुळे धक्का मारायची सोय नाही. हिंजवडीत ऑफिसच्या बेसमेंटला अडकलो. छत इतकं खाली की टोइंगची गाडी आत येईना. वॉचमनकाकांनी आत बसून किल्ली फिरवली आणि मी बॉनेट उघडून चाकाच्या पान्याने सेल्फवर हलकेच ठोकलं. चौथ्या ठोक्याला इंजिन सुरू झालं. परत बंद पडलं तर चालू होईलच याची खात्री नव्हती. स्टार्ट-स्टॉपचं बटण आधीच बंद केलं, नाहीतर पहिल्याच सिग्नलला इंजिन आपोआप थांबलं असतं. औंधला इलेक्ट्रिशियनच्या दारात पोचेपर्यंत इंजिन चालूच ठेवलं.