मदत हवी आहे: दिनू लिपाटीचं पुढे काय ऐकू?

मंडळी, सध्या या रुमानियन पियानोवादकाने झपाटलंय. जन्म १९१७चा, १९५०मध्ये हॉजकिन्सच्या आजाराने (एक प्रकारचा कॅन्सर) गेला. अवघा ३३ वर्षांचा! सप्टेंबर १९५०मधली फ्रान्समधल्या बझाँसोंची त्याची शेवटची मैफल ऐकली. शोपँचे १४ वॉल्ट्झ (नाचाच्या ठेक्यातल्या छोट्या रचना) ठरले होते, १३ झाले आणि अंगातलं त्राणच संपलं. तरी बोट कुठे जड पडलेलं जाणवत नाही, निदान माझ्या कानांना. बाखच्या पार्टिटात (छोट्या नृत्यरचनांची मालिका) तर एकेक स्वर सुटा, टपोरा.

आता ऑर्केस्ट्रासोबतचं ऐकायचंय. आधी शुमानचा कन्चेर्तो (म्हणजे पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना; रेकॉर्डिंग १९४८चं, ऑर्केस्ट्रा संचालक कारायान) घेऊ की ग्रीगचा? आणि जुन्या रेकॉर्डिंगची खरखर काढण्याच्या नादात पियानोचा आवाजच मारलेला नाही अशी सीडी कोणती? हेडफोनवर ऐकतो, त्यामुळे फरक लगेच कळतो.